घंटेचं बिऱ्हाड

चियातुरा. मँगनीजची काळी धूळ
इथे खिडकीवर बसते, पावावरही.
सकाळच्या पहिल्या रोपवेतून नातेला बाई उतरल्या,
वरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका,
कवेत शाळेचा कॉम्प्युटर,
शालीत गुंडाळलेला, आजारी कोंबडीसारखा.
"एतेरी, रात्री वीज आली ती अंगावरच आली.
आता घंटा होत नाही."

उघडला. जळका वास.
कपॅसिटर फुगून फुटलेले, पंख्यात कुणाचे तरी केस.
डिस्क तेवढी काढून कानाशी धरली, वीज दिली:
फिरतेय. कुरकुरत नाही.
म्हटलं, जीव आहे, अंग गेलंय.
दुसरं अंग माझ्या फळीवर आहे,
खाणीच्या कचेरीने मोडीत काढलेलं.

दोन स्क्रू, एक केबल.
बिऱ्हाड हलवणं इतकंच असतं बघा.
सामान चढतं पटकन, माणूस रुळायलाच वेळ.

नवीन यंत्राने आधी ओळखच दिली नाही.
काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ,
इथे सुरू करण्याजोगं काही नाही म्हणे.
सेटिंगमध्ये शिरून जुनी पद्धत चालू केली
तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.
मग ओळींमागून ओळी:
हे कार्ड कुठलं, तो स्क्रीन कुठे गेला,
माझा नेटवर्क पोर्ट काल याच नावाचा नव्हता.
पाहुणीसारखी प्रत्येक कपाट उघडून बघत होती डिस्क.

आणि मग थांबली.
एका दुसऱ्या डिस्कची वाट बघतेय, म्हणाली. दीड मिनिट.
मी सेकंद मोजले. नव्वद झाले, आशा सोडली,
पुढे निघाली.

जुन्या डब्यात दुसरी डिस्क नव्हतीच.
तिच्या जागी चार रिकामी भोकं, आणि धूळ.
"ती गुरामची," नातेला बाई म्हणाल्या.
"भौतिकशास्त्र शिकवायचा. घंटेचा प्रोग्राम त्यानेच लिहिला.
पोलंडला गेला तेव्हा आपली डिस्क घेऊन गेला.
सहा वर्षं झाली."

सहा वर्षं, रोज सकाळी, दीड मिनिट.
आणि शाळेत सगळे म्हणायचे,
यंत्र म्हातारं झालंय.

वेळापत्रकाची फाइल उघडली.
पंचेचाळीस मिनिटं, दहा मिनिटं, पंचेचाळीस.
फक्त गुरुवारी सहावा तास एकोणपन्नास मिनिटांचा.
"का हो?"
बाईंनी रोपवेच्या दोराकडे बघितलं.
"तो त्याचा तास होता. त्याचं कधी संपायचं नाही."
बदलू का, विचारलं.
"मुलांना सवय झालीय," म्हणाल्या,
आणि पर्समधून पैसे काढू लागल्या, सावकाश.

दुपारी मी स्वतः वर गेले, डबा घेऊन.
दोन दिवस शिपाई त्सियाला
पितळी घंटा हाताने हलवत होती;
खांदा दुखतोय म्हणत होती,
पण घंटा कुणाला देत नव्हती.
वायर जोडल्या. चालू केलं.
बरोब्बर मध्यरात्रीची घंटा झाली,
भर दुपारी दोन वाजता:
घड्याळाची बॅटरी मेलेली, मी तपासली नव्हती.
वर्गावर्गातून पोरं दप्तरं घेऊन बाहेर,
पायऱ्यांवरून खाली, कुणाला थोपवणार.
मध्यरात्रीची घंटा गुरामने का ठेवली होती
ते कुणालाच सांगता आलं नाही.
त्सियाला हसत होती, खांदा चोळत.

बॅटरी घातली, वेळ लावली.
जाण्याआधी ती ओळ शोधली,
दुसऱ्या डिस्कची वाट बघायला लावणारी.
पुसायला बोट कीबोर्डवर ठेवलं.
पुसली नाही.
तिच्यापुढे फक्त हॅशचं चिन्ह घातलं.
आता यंत्र ती ओळ
बघून न बघितल्यासारखं करतं
आणि चटकन कामाला लागतं.

गुरुवार होता तो.
रोपवे निघता निघता वरून घंटा ऐकू आली,
चार मिनिटं उशिरा.